प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रे आणि क्ष-किरण निरीक्षणे

सूर्याच्या सुमारे ८ पट किंवा त्याहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्यांना प्रचंड वस्तुमानाचे तारे म्हणतात. अशा ताऱ्यांपैकी शंभरांत सुमारे सात ते दहा ताऱ्यांच्या पृष्ठभागावर प्रबळ चुंबकीय क्षेत्र आढळते. या क्षेत्राचा ठसा ताऱ्याकडून येणाऱ्या क्ष-किरणांवर उमटतो. परंतु केवळ त्यांवरून क्षेत्राचे अस्तित्व सिद्ध होत नाही.

पार्श्वभूमी

सूर्याच्या बाह्य थरांत तप्त वायूचे अभिसरण सतत चालू असते व त्यातून सूर्याचे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. प्रचंड ताऱ्यांच्या बाह्य थरांत असे जोमदार अभिसरण नसते. तरीही त्यांची क्षेत्रे वर्षानुवर्षे स्थिर राहतात. ज्या वायूपासून तारा जन्मला त्यातूनच हे क्षेत्र वारशाने आले असावे, असे एक मत आहे. दोन तारे एकरूप होताना ते उत्पन्न झाले असावे, असे दुसरे मत आहे.

क्ष-किरणांची निर्मिती

या ताऱ्यांच्या पृष्ठभागावरून वायूचा झोत सेकंदाला हजार ते तीन हजार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. त्याला तारकीय वारा म्हणतात. चुंबकीय क्षेत्र प्रबळ असल्यास हा विद्युतभारित वायू क्षेत्ररेषांच्या कमानींवरून वाहतो. दोन्ही गोलार्धांतून आलेले प्रवाह चुंबकीय विषुववृत्तापाशी एकमेकांवर आदळतात. तेथील तापमान कोट्यवधी केल्विनपर्यंत पोहोचते आणि क्ष-किरण बाहेर पडतात. पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेत असल्याने त्यांचे निरीक्षण उपग्रहांवरूनच करावे लागते.

दोन उदाहरणे

मृग तारकासमूहातील तेजोमेघात असलेल्या 'थीटा-१ ओरायनिस सी' या ताऱ्याचे क्ष-किरण सुमारे १५.४ दिवसांच्या आवर्तनाने कमी-अधिक होतात. त्यावरून १९९७ मध्ये तेथे चुंबकीय क्षेत्र असावे, असे भाकीत करण्यात आले. २००२ मध्ये प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचे मापन करून सुमारे १,१०० गॉस तीव्रतेचे क्षेत्र प्रत्यक्ष आढळले. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील क्षेत्र सुमारे अर्धा गॉस असते. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाने १९९९ मध्ये सोडलेल्या 'चंद्रा' वेधशाळेने या ताऱ्याचा वर्णपट तपासला. त्यातून प्रवाहांच्या टकरीच्या कल्पनेस पुष्टी मिळाली.

ज्येष्ठा नक्षत्रातील 'टाऊ स्कॉर्पी' याचे उदाहरण वेगळे आहे. त्याचे क्ष-किरण तीव्र आहेत व त्याचे गुंतागुंतीचे चुंबकीय क्षेत्र २००६ मध्ये आढळले. मात्र हा तारा सुमारे ४१ दिवसांत स्वतःभोवती फिरत असूनही त्याच्या क्ष-किरणांत अपेक्षेइतका चढउतार दिसला नाही. म्हणून एका प्रकारच्या निरीक्षणास दुसऱ्याची जोड द्यावी लागते.

महाराष्ट्रातील संशोधन

ही जोड रेडिओ निरीक्षणांतूनही मिळते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. या केंद्रातील बर्नाली दास व पूनम चंद्रा यांच्या गटाने तिच्या साहाय्याने ठरावीक कालांतराने रेडिओ स्पंद सोडणारे अनेक उष्ण चुंबकीय तारे शोधले. या वर्गातील पहिला तारा, 'सीयू व्हर्जिनिस', २००० मध्ये परदेशात ओळखला गेला होता. क्षेत्ररेषांभोवती गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे हे स्पंद निघतात. त्या गिरक्यांची वारंवारता प्रत्येक गॉसमागे सुमारे २.८ मेगाहर्ट्‌झ असते. त्यामुळे स्पंदांच्या वारंवारतेवरून ते जेथून निघाले तेथील क्षेत्राचा अंदाज करता येतो. क्ष-किरणांतून तप्त वायूची, तर रेडिओ लहरींतून वेगवान इलेक्ट्रॉनांची माहिती मिळते.

महत्त्व

चुंबकीय क्षेत्र वायूला अडवून धरते, त्यामुळे ताऱ्याचे वस्तुमान कमी प्रमाणात घटते. तसेच ते ताऱ्याचे परिवलन मंदावते. आयुष्याच्या अखेरीस ताऱ्याजवळ किती वस्तुमान उरेल व त्याचा कोणता अवशेष मागे राहील, हे या दोन गोष्टींवर अवलंबून असते.