एकट्याची चढाई

आमच्या माहूरला वाद घालायला विषय लागत नाही, फक्त एक पार आणि चार रिकामटेकडी माणसे लागतात. नवरात्रात गडावर जाणाऱ्या भाविकांची गर्दी ओसरली की गाव पुन्हा आपल्या मूळ चालीवर येते आणि संध्याकाळी पारावर बैठक जमते. २०१९ सालच्या पावसाळ्यात या बैठकीत एकच विषय होता : सिद्धार्थ देसाई. मी तेव्हा शाळेत होतो. मोठ्यांच्या मागे उभा राहून ऐकत असे.

आता माहूरच्या माणसाला तेलुगू टायटन्स या संघाचे एवढे काय, असे कोणी विचारील. पण पैनगंगा ओलांडली की विदर्भ आणि किनवटच्या पुढे गेले की तेलंगणा, अशा तिठ्यावर आमचे गाव वसले आहे. हैदराबाद आम्हांला मुंबईपेक्षा जवळचे. त्यातून त्या संघाचा नायक कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा मराठी मुलगा! मग काय, संघ हरला की इकडे पारावर खटला उभा राही. एक पक्ष म्हणे, "दीड कोट रुपये घेऊन बी संघ हरायलाच की! कसला हिरो?" दुसरा पक्ष म्हणे, "एकटा गडी किती ओढील? बाकीचे सहा जण काय आरती ओवाळायला उभे आहेत?"

या वादाचा निकाल त्या वर्षी लागला नाही. तो माझ्यापुरता लागला गेल्या वर्षी, आमच्या महाविद्यालयाच्या संघात खेळताना, आणि तोही माझ्याविरुद्ध. ती हकीकत शेवटी सांगेन. आधी वाद नीट समजून घेऊ.

खेळाचे गणित

कबड्डी आपल्या मातीतला खेळ. कोणी हुतुतू म्हणते, कोणी कबड्डी. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने त्याचे प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांना दाखवले होते. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतला खेळ मॅटवर, दूरदर्शन संचाच्या पडद्यावर आणि लिलावाच्या बाजारात आला. नियम मात्र आपल्या ओळखीचेच राहिले. ते सर्वांना ठाऊक आहेत असे आपण समजतो, पण त्यांतून जे गणित निघते त्याकडे आपले लक्ष नसते.

सामना चाळीस मिनिटांचा. एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली तर दोन्ही संघांच्या मिळून ऐंशी, म्हणजे एका संघाच्या वाट्याला सुमारे चाळीस. या चाळीस चढाया हेच संघाचे भांडवल. त्या कोणी, केव्हा आणि कशा करायच्या यावर संघाचे आक्रमण उभे राहते.

आता दुसरी गोष्ट. क्रिकेटमधला फलंदाज बाद झाला की त्या डावापुरता संपला. कबड्डीतला गडी बाद झाला की बाहेर बसतो, पण त्याच्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की तो परत येतो. याला आपण गडी जिवंत होणे म्हणतो. बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या गुणाने मात्र गडी जिवंत होत नाही. शिवाय समोर सहा किंवा सात गडी उभे असतील तेव्हाच बोनस मिळतो.

एका चढाईपटूच्या जोरावर उभ्या असलेल्या संघाची कोंडी इथेच होते. मुख्य चढाईपटू पकडला गेला. समोरच्याला एक गुण मिळाला आणि त्यांचा एक गडी आत आला. आपला गडी बाहेर. त्याला परत आणायचे तर उरलेल्यांनी समोरचा एक गडी मारला पाहिजे किंवा पकडला पाहिजे. पण संघात दुसरा चढाईपटूच नसेल तर गुण आणणार कोण? मग रिकाम्या चढाया सुरू होतात. पहिली रिकामी, दुसरी रिकामी, तिसरी मात्र रिकामी चालत नाही. 'करो या मरो'च्या त्या तिसऱ्या चढाईत गुण आणला नाही तर चढाई करणाराच बाद. असे करत एकेक गडी जातो, अंगण रिकामे होते आणि लोण बसतो. त्याचे दोन गुण वर. लोणानंतर सातही गडी आत येतात, म्हणजे आपला नायकही येतो. पण तोवर गुणफलक समोरच्याच्या बाजूने बराच पुढे सरकलेला असतो.

म्हणून कबड्डीत मुख्य चढाईपटूने किती गुण मिळवले एवढाच प्रश्न नसतो. तो किती वेळ बाहेर बसला आणि त्या वेळात संघाने काय केले, हे दोन प्रश्न तितक्याच महत्त्वाचे असतात.

सिद्धार्थचा खटला

आता या कसोटीवर आमच्या पारावरचा खटला तपासू.

सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाकडून प्रथमच या लीगमध्ये उतरला. धिप्पाड बांधा, लांब हात आणि दोघा-तिघांना अंगावर घेऊन मध्यरेषा गाठण्याची ताकद. लोकांनी त्याला 'बाहुबली' म्हणायला सुरुवात केली. पहिल्या चार सामन्यांत त्याने चढाईचे पन्नास गुण गाठले आणि मोसमाच्या शेवटी त्याच्या नावावर २१८ गुण होते. यू मुंबा बाद फेरीपर्यंत गेला.

पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख रुपयांना घेतले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. संघही लोकांनी त्याच्याभोवतीच पाहिला. २० जुलै २०१९ रोजी हैदराबादेत पहिला सामना झाला तो नेमका त्याच्या जुन्या संघाशी, आणि यू मुंबाने तो ३१–२५ असा जिंकला. मोसम संपला तेव्हा सिद्धार्थच्या खात्यावर पुन्हा दोनशेच्या पुढे गुण होते, आणि त्याचा संघ बारा संघांत अकरावा होता.

तोच गडी आणि जवळजवळ तेवढेच गुण, पण निकाल निराळा. मग बदलले काय?

मुंबईकडे असताना त्याच्या पाठीशी फजल अत्राचलीसारखा इराणी कोपरारक्षक कर्णधार म्हणून उभा होता. सिद्धार्थ पकडला गेला तर पकडीच्या जोरावर त्याला परत आणणारी फळी तिथे होती. तेलुगू संघातही चांगले पकडपटू होते, ते नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु सिद्धार्थ बाहेर बसला की सातत्याने गुण आणणारा दुसरा हात तिथे उभा राहिला नाही. प्रतिस्पर्ध्यांचे काम त्यामुळे सोपे झाले. सगळा अभ्यास एकाच गड्याचा करायचा. तो कोणत्या बाजूने आत शिरतो, हात कधी टाकतो, परतताना कुठे वळतो, एवढे पाठ केले की अर्धी लढाई जिंकली.

इथे पहिल्या पक्षाचेही थोडे ऐकले पाहिजे. नायकाच्या गुणांची बेरीज डोळ्यांत भरते, वजाबाकी कोणी मांडत नाही. दहा गुण आणणारा गडी सहा वेळा पकडला गेला तर त्याने समोरच्याला सहा गुण दिले, त्यांचे सहा गडी जिवंत केले आणि तेवढ्या वेळा आपल्या संघाला अपंग केले. मोठ्या चढाईपटूने केव्हा धाडस करायचे आणि केव्हा दम राखून रिकामे परतायचे हे ओळखणे हा त्याच्या गुणवत्तेचाच भाग आहे. म्हणून नायकाला प्रश्न विचारूच नयेत, असे नाही. पण एकट्याच्या खांद्यावर ओझे पडले की हा विवेकही सुटतो. प्रत्येक चढाई त्याला शेवटची वाटू लागते.

पाटणा आणि पुणे

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, असे आमचे तर्कशास्त्राचे सर सांगतात. म्हणून आणखी दोन-तीन उदाहरणे घेऊ.

परदीप नरवाल याने २०१७ साली पाटणा पायरेट्सकडून एका मोसमात ३६९ गुण आणले आणि पाटण्याने सलग तिसरे विजेतेपद मिळवले. सगळे श्रेय परदीपला मिळाले, आणि त्यातले बरेचसे योग्यच होते. पण त्याच संघात मोनू गोयत नावाचा दुसरा चढाईपटू होता आणि त्याचे १९१ गुण होते. २०१८ च्या लिलावात मोनू १ कोटी ५१ लाखांना हरियाणाकडे गेला. त्या मोसमात परदीपने २३३ आणि २०१९ मध्ये ३०२ गुण आणले, तरी दोन्ही वेळा पाटणा बाद फेरीत पोहोचला नाही. ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते तो गेला, तेव्हा त्याची किंमत कळली.

दुसरे उदाहरण पुन्हा तेलुगू टायटन्सचेच. दहाव्या हंगामाच्या लिलावात प्रत्येक संघाकडे गडी घेण्यासाठी पाच कोटी रुपये होते. त्यांपैकी २ कोटी ६० लाखांच्या वर रक्कम या संघाने एकट्या पवन सेहरावतवर खर्च केली. घरातले निम्म्याहून अधिक धान्य एकाच पाहुण्याला वाढले तर बाकीच्यांच्या ताटात काय उरणार? पवनने आपले काम चोख केले, दोनशेच्या वर गुण आणले. संघाने २२ सामन्यांत दोन जिंकले आणि तो तळाला राहिला.

आणि त्याच मोसमात विजेता ठरला आपला पुणेरी पलटण. १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामन्यात त्याने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवले. या संघातल्या एकाही चढाईपटूचे दोनशे गुण नव्हते. कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चौघे जण चढाया वाटून घेत. अस्लम बाद झाला तर मोहित, मोहित गेला तर पंकज. समोरच्याने अभ्यास करायचा तरी कोणाचा? साखळी सामन्यांत हा संघ फक्त दोनदा हरला.

सांगायचे तात्पर्य, नायक नको असे नव्हे. नायक बाहेर बसलेला असताना जो संघ खेळू शकतो, त्याच संघाला नायकाचा खरा उपयोग होतो.

आमची गोष्ट

आता माझी कबुली.

आमच्या महाविद्यालयाच्या संघातही एक असाच चढाईपटू होता. नाव सांगत नाही, कारण त्याला ते आवडणार नाही. तांड्यावरून रोज सायकलने यायचा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही पहिले दोन सामने जिंकलो ते त्याच्या पायांवर. तिसरा हरलो. त्या सामन्यात तो पुन्हा पुन्हा पकडला गेला. परतीच्या गाडीत कोणीतरी बोलले, "आज ह्याच्यामुळे गेलो." मग सगळेच बोलू लागले. मीही बोललो. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आला नाही.

आठवड्याने क्रीडाशिक्षकांनी सामन्याचे गुणपत्रक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "प्रत्येक चढाईपुढे नाव लिहिले आहे. मोज." मी मोजले. तीनपैकी दोन चढाया त्याच्या होत्या. तिसऱ्या, निर्णायक चढाया जवळजवळ सगळ्या त्याच्या होत्या. तो बाहेर बसला होता त्या काळात आमच्या खात्यात भर अशी पडलीच नव्हती. संघातला दुसरा चढाईपटू म्हणून माझे नाव होते. त्या नावापुढे चढाया किती, हे इथे लिहायला लाज वाटते.

मला आठवले. 'करो या मरो'ची चढाई आली की मी खाली वाकून गुडघ्याची पट्टी नीट करीत असे. पट्टी नीटच असायची. मी वर पाहीपर्यंत तो मध्यरेषा ओलांडून गेलेला असे.

पारावरचा खटला आठवला. "बाकीचे सहा जण काय आरती ओवाळायला उभे आहेत?" त्या सहांपैकी एक मी होतो.

त्याच संध्याकाळी मी तांड्यावर गेलो. तो गुरांना पाणी दाखवीत होता. माफी मागायची म्हणून चार वाक्ये जुळवून नेली होती, त्यांतले एकही बोलता आले नाही. एवढेच म्हणालो, "उद्यापासून तिसरी चढाई माझी." तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पकडला गेलास तर?"

"तर तू मला परत आण," मी म्हणालो.

तो हसला. सकाळी मैदानावर पोहोचलो तेव्हा त्याची सायकल आधीच कुंपणाला लावलेली होती.

या वर्षी आम्ही किती सामने जिंकू ते सांगता येत नाही. मी निर्णायक चढाईत बऱ्याचदा पकडला जातो. पण आता परतीच्या गाडीत कोणी कोणाच्या नावाने बोलत नाही. कोणी बोलायला लागलेच, तर आम्ही त्याच्या हातात गुणपत्रक देतो आणि म्हणतो, "मोज."

— बी. ए. तृतीय वर्ष