भत्ता कापला की काम मिळतं?

रोजगाराचं अर्थकारण : भाग ६

बेरोजगार भत्त्याचा पैसा कुठून येतो हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आता त्यावरचा सगळ्यात जुना आक्षेप घेऊ: भत्ता हात राखूनच द्यावा, नाहीतर माणसं घरी बसतील. १८३४ साली इंग्लंडने गरिबांसाठीचा कायदा बदलला तो याच धास्तीने. सरकारी आश्रयावर जगणाऱ्याची दशा सगळ्यात हलक्या मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, असं तत्त्वच तेव्हा मान्य झालं. आक्षेप जुना असला तरी खुळचट नाही. भत्ता वाढला की बेकारीचा काळ थोडा लांबतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. तो का लांबतो आणि भत्ता कापून हाती काय लागतं, याकडे मात्र हा आक्षेप घेणारे सहसा वळत नाहीत.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे अमेरिकेतली दुकानं-हॉटेलं बंद पडली, तेव्हा तिथल्या संसदेने प्रत्येक बेरोजगाराला राज्याच्या भत्त्यावर आठवड्याला आणखी ६०० डॉलर मंजूर केले. रक्कम सरसकट ठेवली, कारण ज्याच्या त्याच्या पगाराचा हिशेब करून वेगवेगळी रक्कम काढणं राज्यांच्या जुनाट संगणकांना झेपणारं नव्हतं. (धोरणं अशीही ठरतात.) मिसिसिपीत एरवी जास्तीत जास्त २३५ डॉलर मिळायचे, ते एका फटक्यात ८३५ झाले. देशभरात दोन-तृतीयांशाहून अधिक पात्र कामगारांना पगारापेक्षा भत्ताच मोठा पडू लागला. २०२१ मध्ये ही भर ३०० डॉलरवर आली आणि सप्टेंबरपर्यंत चालणार होती. पण माणसंच मिळत नाहीत अशी हॉटेलमालकांची ओरड सुरू झाली, आणि मे महिन्यात मोंटानाने ती मुदतीआधीच बंद करायचं जाहीर केलं. पाठोपाठ वीसहून अधिक राज्यं त्याच वाटेने गेली, बाकीच्यांनी ती चालू ठेवली. भत्ता कापणारे आणि न कापणारे असे दोन गट एकाच देशात, एकाच उन्हाळ्यात आयते मिळाले.

संशोधकांनी बँक खात्यांतल्या नोंदींवरून एप्रिलअखेरीस बेरोजगार भत्त्यावर असलेल्यांचा माग काढला. न कापणाऱ्या राज्यांशी तुलना करता कापणाऱ्या राज्यांत दर शंभरांत ३५ जणांचा भत्ता जास्तीचा गेला, आणि कामाला लागले ते शंभरांत जेमतेम चार-साडेचार अधिक. म्हणजे भत्ता गेलेल्या आठांमागे एक. माणशी सरासरी आठवड्याला २७८ डॉलर बुडाले, कमाई वाढली १४ डॉलरने आणि खर्च आटला १४५ डॉलरने. हा आटलेला पैसा कुणाच्या तरी गल्ल्यात पडत होताच, कदाचित ओरड करणाऱ्या हॉटेलवाल्याच्याही.

महासाथीचा काळच वेगळा, त्यावरून नेहमीचा नियम कसा काढायचा, असं कुणी म्हणेल. हे म्हणणं रास्त आहे. एरवीच्या काळात भत्त्याचा परिणाम याहून मोठा असू शकतो. म्हणून अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी यांचं २००८ मधलं संशोधन पाहायला हवं. अमेरिकेत काही कामगारांना नोकरी सुटताना कंपनी एकरकमी पैसे देते. दुसऱ्याच दिवशी काम धरलं तरी ते परत द्यावे लागत नाहीत, त्यामुळे रेंगाळण्यात फायदा काहीच नाही. तरीही असे पैसे मिळालेल्यांनी नवं काम धरायला जास्त वेळ घेतला. उलट ज्यांच्या गाठीला आधीच पैसा होता, त्यांच्यावर भत्ता वाढल्याचा फारसा परिणाम झाला नाही. चेट्टींच्या हिशेबाने भत्त्याच्या एकूण परिणामापैकी सुमारे ६० टक्के भाग हातात रोकड असण्याचा आहे. भाडं थकलेला वेल्डर समोर येईल ती पहारेकऱ्याची नोकरी धरतो. दोन महिन्यांची सोय असेल तर वेल्डिंगचंच काम शोधतो. याला आळस म्हणणं मला पटत नाही. उशिरा मिळालेली नोकरी जास्त पगाराची असतेच असं मात्र नाही, त्याबाबत अभ्यासांचं एकमत नाही.

उरलेला ४० टक्के भाग खरोखर भत्त्याच्या मोहाचा आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावरचा इलाज रक्कम कापणं हाच आहे का? डेन्मार्कमध्ये कमी पगाराच्या कामगाराला आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो. वरच्या पगारांना कमाल मर्यादा आड येते. त्या बदल्यात रोजगार केंद्रात नोंदणी, मुलाखती, सांगितलं ते प्रशिक्षण हे सगळं आलं, आणि योग्य काम नाकारलं तर भत्ता थांबतो. २०१० मध्ये तिथे कात्री लावली ती मुदतीला: चार वर्षांची दोन झाली. या पहाऱ्याला माणसं लागतात, पैसा लागतो. कामगाराला उपाशी ठेवणं सरकारला स्वस्त पडतं, म्हणूनच ते सोपं वाटतं.

आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली. पगाराच्या २५ टक्के भत्ता २०२० मध्ये ५० टक्के झाला, मुदत ९० दिवस. विम्याबाहेरच्या नाका कामगाराला आणि शेतमजुराला त्यात जागा नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात काढलेली वाट, म्हणजे रोजगार हमी, हा पुढच्या भागाचा विषय.