गीझरची तिसरी वायर

दिवाळी सरून पहाटेचा गारवा जाणवू लागला की बंब माळ्यावर जातो आणि घरात गीझर येतो. तो बसवायला मिस्त्री येतो बहुधा दुपारी, घरातली मंडळी कामावर आणि मुलं शाळेत गेलेली असताना. म्हणजे हजर असते ती आपणच. आपण स्टूल देतो, चहा देतो, पण कोणती वायर कुठे गेली हे विचारत नाही. "वहिनी, काळजी करू नका," असं तो म्हणतो आणि आपण खरंच करत नाही. करायला हवी. ओलं अंग, अनवाणी पाय आणि वीज एकत्र येतात ती घरातली हीच जागा.

२००० वॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर करंट ओढतो, ३००० वॉटचा १३. मिक्सर-टीव्हीचं लहान सॉकेट असतं ६ अँपिअरचं. तिथे गीझर लावला तर प्लग वितळणारच. त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट हवं, आणि मुख्य बोर्डापासून त्याची एकट्याची तांब्याची लाइन हवी. २००० वॉटला अडीच एमएमची वायर, ३००० वॉटला चार एमएमची. बटण बाथरूमच्या बाहेर.

गीझरच्या पोटात थर्मोस्टॅट असतो. पाणी तापलं की तो वीज तोडतो, निवलं की पुन्हा जोडतो. त्यामुळे गीझर दिवसभर चालू ठेवला तर कोणी आंघोळ करो न करो, तो तेच पाणी पुन्हा पुन्हा तापवत बसतो. वास्तविक १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॉटच्या गीझरला वीसेक मिनिटं लागतात, आणि वीज पाऊण युनिटाच्या आत. बोअरचं जड पाणी असेल तर थर्मोस्टॅट साठच्या वर नेऊच नका, कॉइलवर क्षाराचा थर लवकर बसतो. पहाटे उठून बटण दाबायचा कंटाळा असेल तर टायमर लावता येतो, मात्र तोही १६ अँपिअरचा. चक्रीचा टायमर लाइट गेली की तिथेच थांबतो. रात्री दोन तास लाइट गेली तर पाचचं पाणी सातला तापणार! बॅटरीवाला डिजिटल घेतलेला बरा.

थर्मोस्टॅट बिघडून चिकटला तर पाणी तापतच राहतं. त्यासाठी कटआउट नावाचा दुसरा पहारेकरी असतो. तो पडला की गीझर बंद. इथे काही जण दोन वायरी जोडून 'डायरेक्ट' करून देतात. पाणी तापतं, आपण खूश, पैसेही देऊन टाकतो. पण आता त्या टाकीला आवरणारं कोणी राहिलेलं नसतं. पाणी उकळलं आणि सेफ्टी व्हॉल्व्हही चोंदलेला असला तर टाकी फुटते. 'डायरेक्ट' हा शब्द कानावर आला की काम थांबवायला सांगा. आणि पाणी तापताना त्या व्हॉल्व्हमधून थेंब गळले तर तो बिघाड नव्हे. ते भोक बुजवू नका.

आता ती तिसरी, हिरवी वायर. ती नसली तरी पाणी छान तापतं, म्हणूनच तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. कॉइल चिरली आणि करंट टाकीत उतरला तर त्याला जमिनीत नेणारी ही वाट. ती नसेल तर करंट नळ उघडणाऱ्या हातातून वाट काढतो. जुन्या घरांत अर्थिंगच नसतं. मग कोणी ती वायर नळाच्या पाइपला गुंडाळतं. पाइप प्लॅस्टिकचा असला तर ती कुठेच पोचत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे सॉकेटच्या आत अर्थिंग आणि न्यूट्रल वायरच्या तुकड्याने जोडून टाकणं. बाहेरून तीन भोकं, सगळं ठाकठीक. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की सगळा करंट गीझरच्या अंगावर येतो. म्हणून सॉकेट बसवण्याआधी ते उलटं करून दाखवायला सांगा. हिरवी वायर अर्थिंगच्या स्क्रूवर एकटीच हवी, आणि तिचं दुसरं टोक कुठे जातं तेही विचारा. चांगल्या वायरमनला याचा राग येत नाही.

"एमसीबी आहे ना!" हे उत्तर मिळेल. एमसीबी वायर जळू देत नाही, पण माणसाला वाचवत नाही. १६ अँपिअरपर्यंत ती हलत नाही, आणि जीव जायला त्याचा शंभरावा भागही पुरतो. माणसासाठी असते ती आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरची मागा. तिच्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर वायरमनला बोलवा आणि तोवर गीझर बंदच ठेवा.

अर्थिंगचा खड्डा अंगणात असतो, कोळसा आणि मीठ घालून भरलेला. जमीन सुकली की त्याचा उपयोग कमी होतो, तेव्हा मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्याला एक बादली पाणी त्यात ओतत जा. आणि अंगणात फरशी घालायचं काम निघालं तर गवंडी आधी तोच खड्डा बुजवतो, बरं का! त्याचं तोंड उघडं ठेवायला सांगा.