सभागृहांतील घुमणारा आवाज व काथ्याच्या चटया

एका सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेस आम्ही हजर होतों. हिशेबाचें वाचन चाललें असतां मागें बसलेल्या सभासदांनीं 'मंजूर' म्हणून हात वर केले. मागाहून विचारतां व्याजाचा आकडा त्यांपैकीं एकासही धड सांगतां आला नाहीं. दोष वाचणाराचा नव्हता. भिंती सिमेंटच्या, जमीन शहाबादी फरशीची, वर पत्रा. एक शब्द विरण्यापूर्वींच दुसरा त्यावर येऊन पडे. ध्वनिक्षेपक चढविला तर घुमणेंही त्याच प्रमाणांत चढे. ज्याच्या शिरावर कर्ज पडावयाचें त्यानें तें न ऐकतांच मंजूर करावें, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

या घुमण्याचा हिशेब अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वालेस सॅबिन यांनीं १८९५ पासून मांडला. तेथील एका व्याख्यानगृहांत बोललेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळे. त्यांनीं शेजारच्या नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या आणून मांडल्या. गाद्या वाढल्या तसतसें घुमणें कमी झालें.

गादी करते तेंच हातविणीची चटईही करते. तंतूंच्या फटींतून ये-जा करतांना हवा घासते व आवाजाची शक्ति उष्णतेंत जिरते. म्हणून वीण सैल व जाड हवी. काथ्याची चटई यास चांगली. शिंदीच्या पानांची घट्ट व गुळगुळीत, म्हणून कमी उपयोगी. पाठीस रबर लावलेली चटई तर घेऊंच नये.

चटई भिंतीला चिकटविणें ही नेहमींची चूक. भिंतीलगत हवा हलूं शकत नाहीं, मग घासणार कोठून? ३ ते ४ इंच जाडीच्या लांकडी पट्ट्या ठोकून त्यांवर चटई ताणावी. श्रोत्यांच्या पाठीची भिंत प्रथम घ्यावी, कारण तिच्यावरून उशिरां परतलेला आवाजच शब्द बिघडवितो. वक्त्यामागची भिंत उघडी ठेवावी. ती त्याचा आवाज पुढें ढकलते. चटईवर रंग देऊं नये, फटी बुजतात. ओल व वाळवी यांसाठीं खालून वीतभर जागा मोकळी सोडावी. काथ्या पेटतो, हें विसरूं नये. विजेच्या तारा दूर ठेवाव्या, आणि सत्यनारायणाची समईही!

ढोलाचा ठोका असल्या चटईनें फारसा जिरत नाहीं; रस्त्यावरचा गोंगाटही अडत नाहीं, त्यास जड भिंत व घट्ट दारेंच लागतात.

त्या संस्थेनें मागच्या भिंतीस चटया लावण्याचें मान्य केलें आहे. तोंवर व्याजाचे दर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे, असें आम्हीं सुचविलें आहे.