ई-चलन आणि अप्रमाद

मंदिरातील पूजा आटोपून मंडळी बाहेर पडत असोत किंवा स्वामीवात्सल्याची पंगत उठत असो, अलीकडे गप्पांचा ओघ एका विषयाकडे हमखास वळतो. अमुक चौकात सिग्नल तोडल्याबद्दल दंड झाल्याचा संदेश मोबाईलवर येतो. त्या दिवशी आपण कोठे होतो हे आठवत नाही. गाडी आपण चालवीत होतो की चिरंजीव, हेही आठवत नाही. समोर हवालदार नसतो, त्यामुळे खुलासा करावा तरी कोणापुढे? न दिसणाऱ्या हाताने आपल्याला अपराधी ठरविल्याची ही भावना रकमेपेक्षा अधिक बोचते. या रागात रास्त भाग किती आणि केवळ गैरसोयीचा भाग किती, याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

यंत्र पाहते ते काय

मुंबईत ई-चलनाची पद्धत २०१६ साली सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात कलम १३६अ आले आणि रस्त्यांवरील इलेक्ट्रॉनिक देखरेखीस स्वतंत्र आधार मिळाला. चौकातील कॅमेरा सिग्नलच्या दिव्याशी जोडलेला असतो. दिवा लाल असताना वाहनाने थांबण्याची पांढरी रेषा ओलांडली की चित्र टिपले जाते, संगणक नंबरप्लेट वाचतो आणि नोंदणीतील मालकाच्या नावे चलन निघते. चालकाचा चेहरा, त्याची घाई वा अडचण यांच्याशी यंत्राला कर्तव्य नसते. त्याचा पक्षपातरहितपणा आणि त्याचा आंधळेपणा या दोहोंचे मूळ एकच आहे.

तक्रार कोठे रास्त आहे

अंक चुकीचा वाचला गेला तर दंड भलत्याच्या माथी बसतो. दुसऱ्याच्या क्रमांकाची बनावट प्लेट लावून हिंडणारेही आहेत. मग स्कूटरच्या गुन्ह्याचे चलन मोटारीच्या मालकास येते. अनेक चौकांत थांबण्याची रेषा पुसून गेलेली असते. मागून रुग्णवाहिका आली तर तिला वाट देणे हे कर्तव्य आहे. न दिल्यास कायद्यात दहा हजार रुपयांचा दंड सांगितला आहे. परंतु वाट देण्यासाठी रेषेपुढे सरकलेल्या चालकाचा हेतू यंत्राला कळत नाही. मालवाहतूकदारांनी जुलै २०२५ च्या आरंभी राज्यात संप पुकारला, त्यामागेही ई-चलनाविषयीचा असंतोष होता.

‘यंत्र लाच घेत नाही’ असे आपण म्हणतो, परंतु यंत्र विकत घेणारी आणि चालविणारी माणसेच असतात. अमेरिकेतील शिकागो शहरात लाल दिव्याच्या कॅमेऱ्यांच्या कंत्राटात लाच घेतल्याबद्दल एका माजी अधिकाऱ्यास २०१६ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच शहरात पिवळा दिवा तीन सेकंदांचा असावयास हवा असता, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने तो कमी भरला तरी हजारो चालकांना दंड झाल्याचे २०१४ साली उघड झाले. टेक्सास राज्याने तर २०१९ मध्ये असे कॅमेरेच बंद केले. म्हणून यंत्राला जाब विचारणे हा उद्धटपणा नव्हे. असत्याचा भार निमूटपणे सोसणे हे काही क्षमेचे लक्षण नाही.

कायद्याने दिलेली साधने

आपला राग बहुधा बोलण्यातच विरून जातो आणि उपलब्ध साधने पडून राहतात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत नोटीस पाठविणे आवश्यक आहे. चलनासोबत गुन्हा व नंबरप्लेट स्पष्ट दाखविणारे छायाचित्र, स्थळ, दिनांक, वेळ आणि मोडलेली तरतूद दिलेली असावी. यंत्रास राज्याच्या नियुक्त प्राधिकरणाचे प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे. देखरेख चालू आहे हे सांगणारा फलकही रस्त्यावर ठळकपणे लावलेला असावा.

चलन आले की प्रथम छायाचित्र उघडून पाहावे. वाहन आपले नसेल तर वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आरसी व वाहनाच्या छायाचित्रासह तक्रार नोंदवावी. तेथे दाद न मिळाल्यास न्यायालयाचा मार्ग खुला असतो. आणखी दोन गोष्टींकडे हमखास दुर्लक्ष होते. वाहन नोंदणीत जुनाच मोबाईल क्रमांक राहिला असेल तर संदेश पोहोचत नाही आणि थकबाकी नकळत साचत जाते. तसेच गाडी विकल्यानंतर ती खरेदीदाराच्या नावावर झाली नसेल, तर त्याची चलनेही आपल्याच नावे येत राहतात. केवळ मित्रावर विश्वास आहे म्हणून हस्तांतर लांबणीवर टाकू नये.

दंडाच्या नावाखाली फसविणारेही सोकावले आहेत. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडताच बँकेतील पैसे गेल्याच्या घटना घडल्या आहेत. चलनाची खात्री सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाहन क्रमांक घालूनच करावी. घरातील ज्येष्ठांना हे आवर्जून सांगावे.

प्रमादाचा हिशेब

येथवर यंत्राच्या चुका पाहिल्या. परंतु प्रत्येक चलन काही चुकीचे नसते. छायाचित्रात आपलीच गाडी असते आणि दिवाही लालच असतो. तेव्हा आपण काय करतो?

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसांचे प्राण गेले, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. म्हणजे दररोज सरासरी चारशे साठांहून अधिक. यांतील फार थोड्यांना कोणी ठरवून मारले असेल. उरलेल्यांचा जीव कोणाच्या तरी वेगापायी, घाईपायी, दुर्लक्षापायी गेला. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेची व्याख्या प्रमादापासून सुरू होते, हे आपल्या पाठशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. मारण्याचा हेतू नव्हता एवढ्याने जबाबदारी संपत नाही. सावध नव्हतो, हाच दोष. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींत पहिली ईर्यासमिती. चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे, मुंगीलाही इजा होऊ नये. चार चाकांवर धावणाऱ्या श्रावकाला चार हात पुरणार नाहीत. त्याची दृष्टी वेगाच्या प्रमाणात दूरवर पोहोचावयास हवी.

चातुर्मास संपून विहार सुरू झाले की पहाटेच्या अंधुक प्रकाशात महामार्गाच्या कडेने साधू-साध्वी पायी चालू लागतात. भरधाव वाहनाच्या धडकेत त्यांपैकी कोणी काळधर्म पावल्याची वार्ता येते आणि सारा संघ हळहळतो. विहारसेवेतील तरुण चमकणारी जाकिटे घालून त्यांच्या पुढेमागे चालतात, सभा होतात, निवेदने दिली जातात. ते योग्यच आहे. पण विहारमार्गावर वेग आवरण्याची मागणी करणाऱ्या आपण, आपल्याच गाडीचा वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर चिडावे, यातली विसंगती आपल्या ध्यानात येते काय?

घरातील आचरण

कॅमेऱ्यापासून लपण्यासाठी नंबरप्लेट वाकविणे, तिच्यावर फडके बांधणे, एखादा अंक पुसट करणे, यांस काही जण चातुर्य मानतात. शास्त्रात याला माया म्हणतात आणि चार कषायांत तिची गणना होते. लोकअदालतीत सवलत मिळते म्हणून चलने मुद्दाम साठवून ठेवण्याची रीतही रूढ होत आहे. लोकअदालतीचा लाभ घेणे कायदेशीर आहे. मात्र आपला दोष मान्य असताना केवळ रक्कम घटावी म्हणून वाट पाहणे कितपत शोभते, हे ज्याने त्याने आपल्या अणुव्रताच्या कसोटीवर पाहावे.

गाडी वडिलांच्या नावे आणि ती चालविणारा मुलगा, हे आपल्या बहुतेक घरांतील चित्र. चलन वडिलांना येते, ते मुकाट्याने भरतात आणि विषय मिटतो. मुलाला त्यातून काहीच मिळत नाही. वडिलांनी छायाचित्र मुलासमोर ठेवावे आणि दंड त्याच्या कमाईतून वा खर्चाच्या पैशातून भरावयास लावावा. अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्यांनी तर कलम १९९अ वाचावेच. त्यात पालकास किंवा वाहनमालकास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतचा कारावास सांगितला आहे.

दर पंधरवड्यास पाक्षिक प्रतिक्रमण करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. महिन्यातून एका पाक्षिकाच्या दिवशी घरातील सर्व वाहनांची चलने एकत्र बसून पाहावीत. जे आपले नाही त्याविरुद्ध त्याच दिवशी पुराव्यानिशी तक्रार करावी; जे आपले आहे ते त्याच दिवशी भरून टाकावे आणि तो चौक, ती वेळ, ती घाई यांची चर्चा करावी. कॅमेरा केवळ काही चौकांत आहे, रस्ता ओलांडणारा जीव मात्र प्रत्येक चौकात आहे. जेथे कॅमेरा नाही तेथेही लाल दिव्यापुढे आपली गाडी थांबू लागली, तर आपल्या अहिंसेची खूण रस्त्यावरही दिसेल.