शाळा बुडवून फिरायला जावं का? संशोधन काय सांगतं आणि कुठे गप्प बसतं

२०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात एक गंमत झाली. म्हणजे ज्यांची तिकिटं काढलेली होती त्यांच्यासाठी ती गंमत नव्हती. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने घ्यायचं ठरलं आणि त्या ८ ते २५ एप्रिल अशा लावल्या गेल्या. एरवी कित्येक शाळा एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परीक्षा उरकून मोकळ्या होत. त्या अंदाजाने लोकांनी रेल्वेचं आरक्षण करून ठेवलं होतं. आता तिकीट रद्द करायचं की पेपर बुडवायचा, असा पेच. शिक्षकांनाही पेपर तपासून निकाल लावायला जेमतेम चार-पाच दिवस मिळणार होते. त्यांची तक्रार वेगळी, पण तितकीच खरी.

तेव्हापासून मला हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातोय. मी संख्याशास्त्रात पीएच.डी. करते, शिक्षणशास्त्रात नाही, हे सांगूनही उपयोग होत नाही. 'तू रिसर्च करते ना, मग सांग' असं म्हटल्यावर वाचावंच लागतं. आणि वाचल्यावर लक्षात आलं की प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच अवघड आहे, आणि तो अवघड आहे तो नेमका माझ्याच विषयामुळे.

आधी कायद्याचं बघू, कारण तिथे गोंधळ कमी आहे.

इंग्लंडमध्ये शाळेच्या परवानगीशिवाय मुलाला सहलीला नेलं तर दंड होतो. ऑगस्ट २०२४ पासून तो ८० पौंड आहे, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. तोही प्रत्येक पालकाला वेगळा आणि प्रत्येक मुलामागे वेगळा. लंडनला राहणारी आपली मराठी कुटुंबं भाचीच्या लग्नाला डिसेंबरच्या सुरुवातीला येतात तेव्हा विमानाच्या भाड्याबरोबर हाही हिशेब करतात. सुट्टी लागली की भाडं इतकं वाढतं की कधीकधी दंड भरूनही स्वस्त पडतं!

तिथला गाजलेला खटला जॉन प्लॅट यांचा. आइल ऑफ वाइट बेटावरच्या या गृहस्थांनी एप्रिल २०१५ मध्ये मुलीला शाळा चालू असताना फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड दाखवायला नेलं. मुख्याध्यापकांनी परवानगी नाकारली होती. दंड आला, तो त्यांनी भरला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कायद्यात 'नियमित हजेरी' असं लिहिलंय, माझ्या मुलीची हजेरी ९० टक्क्यांच्या वर आहे, मग ती अनियमित कशी? हायकोर्टात ते जिंकले. सुप्रीम कोर्टात मात्र ६ एप्रिल २०१७ रोजी हरले. 'नियमित' म्हणजे 'बऱ्यापैकी वेळा' नव्हे, तर 'शाळेच्या नियमांप्रमाणे', असा अर्थ कोर्टाने लावला. जर्मनीत तर २०१८ साली सुट्टी लागायच्या आधल्या दिवसांत बव्हेरियातल्या मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलं घेऊन निघालेली कुटुंबं अडवली होती.

आपल्याला हे ऐकून हसू येतं. पण हजेरीसाठी पालकांना दंड ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले, आणि त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानात लागू झालं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला तिथे दंड होत असे. अर्थात तिथे भांडण डिस्नेचं नव्हतं, मूल शेतात राबतंय की वर्गात बसतंय याचं होतं.

आजचा आपला शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, यापेक्षा मवाळ आहे. शाळेने वर्षाला किती दिवस भरायचं ते तो सांगतो: पहिली ते पाचवी किमान २०० दिवस, सहावी ते आठवी २२० दिवस. पालकाने मुलाला शाळेत दाखल करणं हे कर्तव्य आहे असंही सांगतो. पण आठ दिवस गोव्याला नेलं म्हणून दंड, असं त्यात काही नाही. दहावी-बारावीला बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट आहे, तेवढीच.

म्हणजे आपल्याकडे प्रश्न कायद्याचा नसून नुकसानीचा आहे. आठ दिवस बुडाले तर मुलाचं खरंच काही बिघडतं का?

इथे माझा विषय सुरू होतो.

सोपी पद्धत अशी: शंभर शाळांची हजेरीपत्रकं घ्या, मार्कांशी जोडा. जास्त गैरहजेरी, कमी मार्क, असं चित्र जगात जवळपास सगळीकडे दिसतं. पण यावरून 'गैरहजेरीमुळे मार्क कमी झाले' असं म्हणता येत नाही. कोण गैरहजर असतं ते बघा. जे मूल सारखं आजारी पडतं, ज्याच्या घरी धाकट्याला सांभाळायला कुणी नाही, ज्याची आई पहाटे कापूस वेचायला जाते आणि ज्याला शाळेत मार बसतो म्हणून पोटात दुखतं. या मुलांचे मार्क हजेरी पूर्ण असती तरी कदाचित कमीच असते. दोन गोष्टींचं मूळ तिसरीच गोष्ट आहे.

हे किती फसवं असतं त्याचं चांगलं उदाहरण मायकेल गॉटफ्रीड यांच्या २००९ च्या अभ्यासात आहे. फिलाडेल्फियातल्या प्राथमिक शाळांच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि गैरहजेरीचे दोन भाग केले: कळवून घेतलेली रजा आणि न कळवता मारलेली दांडी. ज्यांच्या गैरहजेरीत कळवलेल्या दिवसांचा वाटा मोठा होता, त्यांचे मार्क चांगले निघाले. न कळवणाऱ्यांचे खाली. आता सांगा, शाळेला चिठ्ठी पाठवल्याने गणित सुधारतं का? चिठ्ठी पाठवणारं घर वेगळं असतं, इतकंच ते आकडे सांगतात.

मग खरा परिणाम मोजायचा कसा? प्रयोग करता येत नाही. नाणं उडवून छापा आलेल्या मुलांना दहा दिवस घरी बसवायला कुठली शाळा तयार होईल? म्हणून अशी गोष्ट शोधावी लागते जी मुलांना घरी बसवते, पण जिचा घरच्या परिस्थितीशी संबंध नसतो.

जोशुआ गुडमन यांनी २०१४ च्या आपल्या अभ्यासात ती गोष्ट शोधली: बर्फ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये हिवाळ्यात खूप बर्फ पडला की शाळाच बंद ठेवतात. मध्यम पडला तर शाळा चालू राहते, पण बरीच मुलं पोचत नाहीत. कुठल्या वर्षी कुठे किती बर्फ पडेल हे पालकांच्या शिक्षणावर किंवा पगारावर ठरत नाही. त्यामुळे दोन्ही प्रकारचे बुडालेले दिवस स्वच्छपणे वेगळे मोजता आले.

उत्तर मला अगदी अनपेक्षित होतं. शाळाच बंद राहिल्याने मार्कांवर दिसण्याजोगा परिणाम झाला नाही. शाळा चालू आणि मूल घरी, याचा मात्र झाला, विशेषतः गणितात.

बुडालेला दिवस तर दोन्हीकडे एकच ना? मग फरक का? पाचोऱ्याच्या भाषेत सांगते. समजा हिवरेला पूर आला आणि कलेक्टरांनी सुट्टी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात येतात, सगळ्यांचं तेवढंच बुडालंय, जिथे थांबले होते तिथून सुरू करतात. शिल्लक राहिलेलं पुढे रेटून भरून काढतात. आता समजा पूर नाही, नुसती रिपरिप आहे, आणि नदीपलीकडची सात मुलं आली नाहीत. गुरुजींनी अपूर्णांकांची बेरीज शिकवली. उद्या ती सात मुलं आली की काय करायचं? पुन्हा शिकवावं तर बाकीची तीस कंटाळतात. पुढे जावं तर सात जण छेद समान करणं न शिकताच वजाबाकीत शिरतात. परवा आणखी वेगळी पाच मुलं गैरहजर. वर्ग फाटत जातो आणि ठिगळ लावायला गुरुजी एकटेच.

(याच्या उलट सांगणारा अभ्यासही आहे. मेरीलँडमध्ये डेव्ह मार्कोट यांना जास्त बर्फाच्या वर्षी निकाल खाली गेलेले दिसले होते. पण बर्फ जास्त पडला की शाळाही बंद राहते आणि गैरहजेरीही वाढते, त्यामुळे ते नुकसान नक्की कशाचं हे त्या पद्धतीतून सुटं होत नाही. मला गुडमन यांची मांडणी जास्त पटते.)

आता हे आपल्याकडे लावताना जपून. बर्फामुळे घरी राहिलेलं मूल आणि ताजमहाल बघायला गेलेलं मूल सारखं नाही. सहलीत मूल काय कमावतं हे मार्कांत मोजलंच जात नाही, म्हणून या अभ्यासांकडे त्या बाजूचा आकडाच नाही. माझ्या वहिनीने मला सरळच विचारलं, 'ताई, आमचा पोरगा अजून समुद्र बघेल नाही. फेब्रुवारीत आठ दिवस नेला तर काय होईल?' तिने फेब्रुवारी का म्हटलं, हे शहरातल्या वाचकांना समजावून सांगायला हवं.

दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात असते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर भाव परवडत नाही, घरातली सगळी माणसं शेतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार, आखाजी, लग्नसराई, आणि पाणी असलेल्यांची महिनाअखेर बागायती कापसाच्या लागवडीची घाई. म्हणजे शाळा मोकळी तेव्हा शेत बांधलेलं. शेतकऱ्याला खरोखर उसंत मिळते ती वेचणी संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, हातात चार पैसे असतात तेव्हा. आणि तेव्हा शाळा जोरात. नोकरदार माणूस 'सुट्टीत का नाही जात?' असं सहज विचारतो, कारण सुट्टीचं कॅलेंडर त्याच्या मापाने शिवलेलं आहे. चैत्रातली सप्तशृंगगडाची पायी यात्राही अशीच नेमकी परीक्षांच्या तोंडावर येते.

वहिनीला मी हिशेब करून दिला. पोरगा सहावीत, वर्ष २२० दिवसांचं, आठ दिवस म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत 'सतत गैरहजर' म्हणायला दहा टक्क्यांची रेषा धरतात, म्हणजे आपल्या हिशेबाने २२ दिवस. तेव्हा आठ दिवसांनी आभाळ कोसळत नाही. पण तिला मी आणखी एक विचारलं: यंदा आधीच किती दिवस बुडालेत? ती मोजायला लागली. मामाच्या गावी शेंदुर्णीला तीन दिवस, कानबाईचे दोन, तापाचे पाच, दोन लग्नं, एक दहावं. झाले की चौदा-पंधरा! त्यात आठ मिळवले की रेषा आलीच. एकट्या सहलीने फारसं काही होत नाही, पण ती सुटी दिवसांच्या ढिगाऱ्यावर येऊन बसते. असरच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत भेटीच्या दिवशी साधारण चारांतली तीनच मुलं हजर सापडली होती. सहलीला गेलेली त्यात किती असणार? बाकी सगळी या बारीकसारीक कारणांची.

शेवटी तिने चार दिवस शाळेचे आणि दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार असं बसवलं. मी सांगितलेलं एवढंच, की वर्गशिक्षकांना आधी जाऊन भेट आणि त्या आठवड्यात गणिताचं कोणतं प्रकरण आहे ते विचार. इतिहासाचा धडा बुडाला तर वाचून होतो. गणितात एक पायरी सुटली की पुढच्या चार डगमगतात. नवीन प्रकरण सुरू होणार असेल तर तारीख सरकवावी, उजळणी असेल तर खुशाल जावं. नववी-दहावीच्या मुलाला मात्र मी नेलं नसतं.

आणि एक गोष्ट, जिच्यापुढे हा सगळा प्रश्न लहान वाटतो. आपल्याच जिल्ह्यात चाळीसगावकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतात आणि मार्च उजाडेपर्यंत परत येत नाहीत. मुलं सोबत. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, पण ज्या घरात मागे आजी-आजोबा नाहीत ते मुलाला कुणाच्या भरवशावर ठेवणार? हजेरीपत्रकात त्या मुलापुढेही तोच 'गै' आणि गोव्याला गेलेल्या मुलापुढेही तोच. मी अशा आकड्यांवरच काम करते, म्हणून सांगते, एका अक्षरात दोन्ही कोंबून सरासरी काढली की कुणाबद्दलच काही कळत नाही.

शिक्षण हक्क कायद्यात नवव्या कलमाखाली एक छोटी ओळ आहे. शाळेचं वार्षिक कॅलेंडर ठरवणं हे तिथे स्थानिक प्राधिकरणाचं काम म्हणून दिलंय. स्थानिक, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे भागानुसार फरक करता येतो हे सरकारला माहीत आहे. वेचणी संपल्यावर जानेवारीत आठ दिवस सगळ्यांनाच सुट्टी आणि तेवढे दिवस दुसरीकडून भरून काढायचे, असं कापूसपट्ट्यातल्या एखाद्या तालुक्याने करून बघितलं तर? गुडमन यांचं निष्कर्ष इथेही लागू पडत असेल, तर सगळ्यांचं एकत्र बुडालेलं गुरुजी भरून काढू शकतात. पाचोऱ्यात किंवा भडगावात कुणी शाळा व्यवस्थापन समितीवर असेल तर पुढच्या बैठकीत विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा.