पट्टी चांगल्या डोळ्यावर

भोसरी-तळवड्याच्या वर्कशॉपांत ग्राइंडरवर उभं राहणाऱ्याला डोळ्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्याच कामगाराच्या घरातलं चार वर्षांचं मूल मात्र एकाच डोळ्याने जग पाहत असेल आणि घरात ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसेल. मूल तक्रार करत नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी दिसणं म्हणजे काय, हे त्याला माहीतच नसतं.

याला आळशी डोळा किंवा अँब्लिओपिया म्हणतात. शंभरातल्या साधारण एक ते तीन मुलांमध्ये तो आढळतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असतो, डोळा तिरळा असतो किंवा जन्मतः मोतीबिंदू असतो. त्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू बाजूला सारायला शिकतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाके काढले तेव्हा डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या फारच थोड्या पेशी त्याला प्रतिसाद देत होत्या. मोठ्या मांजरांवर असा परिणाम झाला नाही. या दोघांना 1981मध्ये नोबेल मिळालं. तिरळेपणाला भाग्याचं लक्षण समजून वाट पाहणाऱ्या घरांनी या पिल्लांची गोष्ट जरूर ऐकावी.

घरी अंदाज घेता येतो. मूल मोबाइलवर कार्टून पाहत असताना त्याचा एक डोळा तळहाताने अलगद झाका, मग दुसरा. कमजोर डोळा झाकला तर मूल ढिम्म हलत नाही. चांगला झाकला की हात ढकलतं, मान वळवतं, बोटांच्या फटीतून पाहू लागतं, रडतं. असं काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत मात्र राहू नका. डोळ्यात थेंब घालून केलेली तपासणीच खरी.

उपचार चष्म्याने सुरू होतो. काही मुलांचा डोळा तेवढ्यानेच सुधारतो. उरलेल्यांच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, म्हणजे मेंदूला दुसऱ्या डोळ्याचं ऐकावंच लागतं. पूर्वी दिवसभर पट्टी ठेवायला सांगत. 2003मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत सात वर्षांखालच्या, मध्यम दोष असलेल्या मुलांना रोज दोन तास किंवा सहा तास पट्टी दिली; चार महिन्यांनी सुधारणा सारखीच निघाली. शिफ्टवर चालणाऱ्या घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. फर्स्ट शिफ्ट करून आलेला बाप संध्याकाळी मुलासोबत मणी ओवत, चित्र रंगवत हे दोन तास भरून काढू शकतो. पट्टी चष्म्याच्या आत, थेट त्वचेवर चिकटवायची. चष्म्याच्या काचेवर लावली तर मूल बाजूने डोकावतं. एप्रिल-मेच्या घामात ती खाजते, मूल ओढून काढतं. अशा वेळी डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचे थेंब देऊ शकतात. या थेंबांनी चांगल्या डोळ्याला जवळचं धूसर दिसतं. काही मुलांना ते आठवड्यातून दोनच दिवस पुरतात. हे थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत.

सात वर्षांच्या आत सर्वांत चांगला फरक पडतो. पण 2005च्या अभ्यासात सात ते बारा वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांनाही उपचाराने फायदा झाला, तेव्हा मूल मोठं झालं म्हणून घरी बसू नका.

2013मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासली जातात. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची कित्येक मुलं मात्र खासगी नर्सरीत जातात. तिथे ही तपासणी पोचत नाही. नर्सरीच्या प्रवेशाला जन्मदाखला मागतात, तसाच दोन्ही डोळे वेगवेगळे तपासल्याचा कागदही मागायला हवा. कारखान्यांनी कामगारांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत एक दिवस त्यांच्या मुलांसाठी ठेवावा. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात नेत्रविभाग आहेच.

पट्टी सुटल्यावर साधारण एक चतुर्थांश मुलांमध्ये वर्षभरात डोळा पुन्हा मागे पडतो. ठेका संपून गावी किंवा दुसऱ्या कंपनीच्या गावात बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी मुलाची फाईल सोबत न्यावी आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवावी.